कॉलेजची आर्थिक मदत, वर्गात बसणारी मुलं आणि शिक्षणाचा दर्जा : गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते आणि त्याबरोबर शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम बघते. बारावीचा निकाल लागला की आमच्या टेबलापुढे रांग लागते. पुढचे प्रश्न त्या रांगेतले आहेत, आणि काही स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांचे. योजनांचे नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षाची सूचना वाचायलाच हवी.

बी.ए., बी.एस्सी.ची फी गोव्यात फार नाही. मग आर्थिक मदत लागते कशाला?

सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे साध्या पदवीची फी पेलण्यासारखी असते हे खरं. पण घरावर येणारा सगळा खर्च फीच्या पावतीवर दिसत नाही. नेत्रावळीहून मडगावला यायचं तर सकाळची कदंब बस गाठावीच लागते, ती चुकली की पहिली दोन लेक्चर्स गेली. सत्तरीतल्या आतल्या गावातून रोज पणजीला ये-जा करणं फार दमवणारं, म्हणून खोली बघावी लागते. ताळगाव, पर्वरीकडे खोल्यांची भाडी नोकरदारांच्या खिशाकडे बघून ठरतात, विद्यार्थ्यांच्या नव्हे. शिवाय लॅपटॉप, प्रयोगवह्या, प्रोजेक्टच्या झेरॉक्सचा खर्च असतोच.

आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे बुडालेली कमाई. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर हंगाम असतो. कळंगुट-बागाच्या शॅकवर किंवा हॉटेलात उभा राहिला तर मुलगा घरी पैसे आणतो. मार्चपासून काजूचा हंगाम सुरू होतो, बागेत घरातल्या प्रत्येक हाताची गरज असते, आणि त्याच दिवसांत परीक्षा जवळ आलेली असते. फी माफ केली म्हणून यातलं काहीच माफ होत नाही. म्हणून कुठलीही योजना समोर आली की मी आधी एवढंच बघते : ही मदत फक्त फीपुरती आहे की बसभाडं, खोली आणि जेवण यांचाही विचार तिच्यात आहे?

पूर्वीची माणसं शिष्यवृत्तीशिवाय शिकलीच ना?

काही शिकली. कोण शिकली ते बघा. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, पण साधी कला किंवा विज्ञानाची पदवी घ्यायची तर १९६१ पर्यंत गोव्याबाहेर जावं लागे. बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च उचलू शकणारी किंवा नातेवाइकाकडे सोय असलेली घरं मोजकी होती. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालयं निघाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या आणि त्या शाळांतली मुलं पुढे या महाविद्यालयांपर्यंत पोचू लागली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ आलं.

पुढे साखळी, खांडोळा, पेडणे, केपे इथे सरकारी महाविद्यालयं निघाली, तीही माझ्या मते आर्थिक मदतच आहे. कॉलेज घराजवळ आल्यामुळे किती मुली पदवीपर्यंत पोचल्या हे या तालुक्यांतल्या कुठल्याही बुजुर्ग शिक्षकाला विचारा. मुलीला पणजीत खोली घेऊन ठेवायला घरचे तयार नव्हते, साखळीला पाठवायला मात्र तयार झाले.

शिष्यवृत्ती, फीमाफी, बर्सरी आणि कर्ज यांत फरक काय?

शिष्यवृत्ती परत करायची नसते. ती गुणांवर, गरजेवर किंवा दोन्हींवर मिळते. फीमाफीत पैसे हातात येत नाहीत, भरावी लागणारी रक्कम कमी होते. गोव्यात बर्सरी म्हणजे गरजू घरातल्या मुलांची फी भरण्यासाठी सरकारकडून मिळणारी मदत. कर्ज मात्र फेडायचं असतं, मग ते बिनव्याजी का असेना.

गोव्यातल्या मुलांना कुठे कुठे अर्ज करता येतो?

अनुसूचित जाती-जमातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती आहे, तिला घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी राज्याच्या आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी शिक्षण योजना आहे. उच्च आणि तंत्रशिक्षणासाठी बर्सरी आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळाकडून बिनव्याजी शैक्षणिक कर्ज मिळतं. पदवीनंतर पुढे जाणाऱ्या हुशार मुलांसाठी मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे. बारावीला चांगले गुण मिळवलेल्यांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्तीही असते. फर्मागुडीची आयआयटी किंवा कुंकळ्ळीची एनआयटी मिळाली, तर तिथली फीमाफी वेगळी. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शिष्यवृत्ती उशिरा का होईना, मिळते ना?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त बोचतं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे विज्ञान शाखेत एक मुलगी होती. अर्ज नीट भरलेला, कागद सगळे जागेवर, पात्रतेबद्दल शंका नव्हती. पैसे पुढच्या शैक्षणिक वर्षात तिच्या खात्यात आले. तोवर ती कॉलेज सोडून म्हापशाला एका दुकानात कामाला लागली होती. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "मॅडम, आता परत यायला जमायचं नाही, घरी माझ्या पगाराची सवय झाली."

कागदावर तिला शिष्यवृत्ती मिळाली आहे. लाभार्थींच्या यादीत ती मोजली जाईल. वर्गात मात्र ती नाही. जुलैत लागणारे पैसे पुढच्या वर्षी आले, तर त्या योजनेने निवड कोणाची केली? ज्यांच्या घरी वर्षभर थांबायची ताकद होती, त्यांची. म्हणजे गरिबांसाठीच्या योजनेतही सर्वांत गरीब मूल गळतं आणि त्यातल्या त्यात बऱ्या घरचं टिकतं. रक्कम वाढवायची मागणी आपण सगळे करतो. मला विचाराल तर रक्कम तेवढीच राहिली तरी चालेल, पण पहिला हप्ता पहिल्या महिन्यात द्या.

मदत मिळेल हे आधी कळलं तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून एक प्रयोग केला. राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरातली हुशार मुलं निवडली आणि त्यांतल्या काहींना घरी पत्र पाठवलं : प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षण फी आम्ही घेणार नाही, त्यासाठी उत्पन्नाचे कागद भरायची गरज नाही. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांना नेहमीच्या मार्गाने अर्ज केला असता तरी जवळजवळ तेवढीच मदत मिळाली असती. नवीन काही असेल तर ते वचन, आणि ते अर्जाच्या आधी देणं. ज्यांना पत्र गेलं नाही त्यांच्यातल्या २६ टक्के मुलांनी तिथे अर्ज केला. ज्यांना गेलं त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं.

आपल्याकडे उलट चालतं. आधी प्रवेश घ्या, पैसे भरा, मग अर्ज करा, मग वाट बघा. ज्या घरात पहिलंच मूल कॉलेजला निघालंय, तिथे बाप एवढ्या अनिश्चिततेवर पैसे लावत नाही. त्याला दोष देता येत नाही.

अर्ज भरणं तेवढं कठीण आहे का? ऑनलाइन तर असतो.

ऑनलाइन आहे, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. आमच्याकडे अडतं ते नावावर. आजोबांच्या दाखल्यावर गांवकर हे आडनाव पोर्तुगीज वळणाने 'सी' घालून लिहिलेलं, वडिलांच्या रेशन कार्डावर 'के' घालून, आणि मुलाच्या आधारवर तिसरंच काहीतरी. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत दोन-तीन खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला आईची एक दिवसाची मजुरी जाते.

यावर अमेरिकेत दोन राज्यांत एक प्रयोग करून पाहिला होता. कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथल्या तिथे मुलांच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरून दिला. कॉलेजला जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण ८ टक्क्यांच्या फरकाने वाढलं. ज्यांना नुसती माहिती सांगितली, त्यांच्यात काही फरक दिसला नाही. मदत मिळते असं सांगून भागत नाही, शेजारी बसून अर्ज भरून द्यावा लागतो.

फक्त गुणांवर शिष्यवृत्ती दिली तर ते जास्त न्याय्य नाही का?

गुणांचा मान राखायलाच हवा, त्यावर माझा वाद नाही. पण नुसत्या गुणांवर दिलेले पैसे बहुतेक वेळा जिथे आधीच पैसे आहेत तिथेच जातात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये चांगले गुण मिळवणाऱ्यांसाठी 'होप' शिष्यवृत्ती सुरू केली. कॉलेजला जाणारी मुलं वाढली, पण वाढ मुख्यतः बऱ्या घरांतल्या गोऱ्या मुलांत झाली आणि दरी रुंदावली. आपल्याकडेही बारावीचे ९० टक्के कुठून येतात हे आपण जाणतो : आठवीपासूनच्या शिकवण्या, घरी वेगळी खोली, विचारायला कोणीतरी शिकलेलं. धारबांदोड्याच्या एका वाडीवर, शिकवणीशिवाय, संध्याकाळी गुरं बांधून अभ्यासाला बसणाऱ्या मुलीचे ७२ टक्के मला त्या ९० पेक्षा कमी वाटत नाहीत. म्हणून गुण आणि गरज दोन्ही बघणारी योजना मला पटते. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या कॅम्पसमध्येही फीसवलतीचा एक भाग असा दोन्हींवर ठरतो.

विविधता म्हणजे राखीव जागा भरणंच ना?

जागा राखीव असणं ही सुरुवात झाली. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती साधारण १० टक्के होत्या आणि राज्यात त्यांच्यासाठी १२ टक्के आरक्षण आहे. पण जागा राखीव असली तरी काणकोणच्या डोंगरातून ती घ्यायला यायचं तर वसतिगृह हवं, मेसचे पैसे हवेत. ते नसले की जागा त्याच समाजातल्या शहराजवळच्या, नोकरदार घरातल्या मुलाकडे जाते. त्याचा हक्क आहेच. पण डोंगरातलं मूल पुन्हा बाहेर राहतं.

विविधतेत मी आणखीही मोजते : तालुका, शाळेचं माध्यम, घरात आधी कोणी पदवीधर आहे की नाही, मुलगी आहे की मुलगा, अपंगत्व. यांतलं बरंचसं कुठल्याच तक्त्यात भरलं जात नाही.

सवलतीने मुलं आली की दर्जा खाली येतो, असं बरेच प्राध्यापक म्हणतात. त्यात तथ्य नाही?

मी हे स्टाफरूममध्ये ऐकलं आहे आणि नोकरीच्या सुरुवातीला स्वतः थोडंफार मानतही होते. आता मानत नाही. का, ते सांगते.

भारतातल्या एका राज्यातल्या दोनशेहून जास्त अभियांत्रिकी महाविद्यालयांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आरक्षणामुळे ज्यांच्यासाठी ते होतं ती मुलं जास्त संख्येने आणि जास्त चांगल्या महाविद्यालयांत पोचली. झेपणार नाही अशा जागी आल्यामुळे त्यांचं नुकसान झालं, असं त्यात दिसलं नाही.

दुसरं, रोजचं निरीक्षण. जो मुलगा रात्री बारापर्यंत हॉटेलात ताटं उचलतो, तो सकाळी आठच्या लेक्चरला पेंगतो. आपण म्हणतो, मुलगा कच्चा आहे. कच्चा नाही, दमलेला आहे. आमच्या एका मुलाला दुसऱ्या वर्षी खोलीभाड्याएवढी मदत मिळाली आणि त्याने रात्रपाळी सोडली. त्याचे गुण कसे चढले ते मी डोळ्यांनी पाहिलं. मदतीने दर्जा वाढतो तो असा, अभ्यासाला वेळ मिळाल्यामुळे.

तिसरी गोष्ट वर्गातली. पर्यावरणाच्या तासाला पुस्तकातला धडा संपला की मी मुलांना विचारते. तिसवाडीतला मुलगा खाजन शेती आणि मानशीचं दार सांगतो : भरतीचं खारं पाणी कसं अडवतात, दार निकामी झालं की शेत कसं खारट होतं. सत्तरीतली मुलगी नदीच्या पात्रातली पुरण शेती सांगते. वेळीप घरातला मुलगा कुमेरीबद्दल, म्हणजे डोंगरावरच्या फिरत्या शेतीबद्दल बोलतो. खाणींचा विषय निघाला की डिचोलीची मुलं शांत होतात, मग एकदम बोलायला लागतात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. त्यांच्या घरांत त्याचा अर्थ दारात उभा राहिलेला ट्रक आणि बँकेचा थकलेला हप्ता. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या गावात त्याच खाणीच्या मातीने शेत भरलेलं असतं. हे दोघं एका वर्गात असतात तेव्हा जी चर्चा होते, ती एकाच थरातल्या साठ मुलांकडून मला कधी मिळाली नाही. हाही दर्जाच आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुलांना आत घेऊन तसंच सोडून दिलं तर ती नापास होतात, आणि मग 'बघा, आम्ही म्हणत होतो' असं म्हणणाऱ्यांना पुरावा मिळतो. पहिल्या सत्रातले जादा वर्ग आणि इंग्रजीची तयारी हा मदतीचाच भाग धरला पाहिजे.

मराठीतून शिकलेल्या मुलांना हा प्रश्न वेगळा पडतो का?

हो. गोव्यात १९९० पासून प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मराठी-कोकणी माध्यमालाच मिळत होतं, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही मिळू लागलं आणि त्यावर किती रान पेटलं ते आपल्याला आठवतं. माझं मत मातृभाषेच्याच बाजूचं आहे. पण सरकारने गावातल्या मुलांना मराठीतून शिकवलं, तर कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीशी जुळवून घ्यायला मदत करणं हेही सरकारचंच काम आहे. मराठीतून चौथी झालेली मुलं मला विचारात कुठे कमी दिसत नाहीत. बोलताना वाक्य अडखळतं, आणि वर्ग हसेल या भीतीने ती मागच्या बाकावर जातात.

कर्ज बिनव्याजी असेल तर अडचण काय?

इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी अशा अभ्यासक्रमांना बिनव्याजी कर्ज ही फार चांगली सोय आहे आणि तिचा फायदा घेतलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीन न घेता कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत.

पण कर्ज मुलाची निवड बदलतं. डोक्यावर कर्ज असलेलं मूल इतिहास किंवा मराठी घेत नाही, संशोधनाकडे वळत नाही, मिळेल ती पहिली नोकरी धरतं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने २००१ मध्ये मदतीतलं कर्ज काढून त्याजागी परत न करायचं अनुदान दिलं, त्यामागे हाच विचार होता. आमच्याकडे सावकाराचा अनुभव असलेल्या घरांत 'कर्ज' या शब्दालाच माणसं दचकतात.

अमेरिकेतली विद्यापीठं पैसे न बघता प्रवेश देतात म्हणे. आपण तसं का करत नाही?

काही देतात, म्हणजे प्रवेश ठरवताना घरची परिस्थिती बघत नाहीत आणि मग लागेल तेवढी मदत करतात. हार्वर्डने २०२५ मध्ये जाहीर केलं की वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांकडून काहीच घेणार नाही आणि दोन लाखांपर्यंत शिक्षण फी नाही. त्यामागे प्रचंड ठेवी आहेत, आपल्या अनुदानित कॉलेजांकडे त्या नाहीत.

आणि चित्र तिकडेही वाटतं तेवढं सरळ नाही. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात ३८ महाविद्यालयं अशी निघाली, जिथे सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. २०२२ मध्ये सोळा नामवंत विद्यापीठांवर खटला झाला. मदतीचं सूत्र एकत्र ठरवून त्यांनी मुलांना मिळणारे पैसे कमी ठेवले, असा आरोप होता. बऱ्याच विद्यापीठांनी आरोप मान्य न करता तडजोडीत पैसे भरले. घेण्यासारखी गोष्ट एकच : उत्पन्न इतकं असेल तर तुम्हाला इतकं भरावं लागेल, हे ती विद्यापीठं आधी स्पष्ट सांगतात.

उत्पन्नाची मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्यांचं काय?

त्यांचे हाल होतात. दाखल्यावर दोन लाख पंचावन्न हजार आले की अडीच लाखांची योजना गेली. बोटीवर कामाला जाणाऱ्यांची घरं घ्या. करार चालू असताना पैसा येतो, संपला की काही महिने काहीच नाही, आणि दाखला मात्र चांगल्या वर्षाचा.

आयआयटी-एनआयटीची पद्धत मला यापेक्षा बरी वाटते. आयआयटीची वार्षिक शिक्षण फी २०१६ मध्ये ९० हजारांवरून २ लाख झाली, पण त्याबरोबर पायऱ्या ठेवल्या : अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी, १ लाखापेक्षा कमी उत्पन्नाला पूर्ण माफी, १ ते ५ लाखांना दोन तृतीयांश माफी. शेवटच्या पायरीवर तिथेही कडा आहे, पण मधे उतरायला जागा आहे.

बाहेरच्या राज्यांतली मुलं आली तर गोव्यातल्या मुलांवर अन्याय होतो का?

एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात, आयआयटीत तसा कोटा नाही. बाहेरची मुलं येण्याने आमच्या मुलांचं जग मोठं होतं असंच मी मानते. अन्याय वाटतो तो गोव्यातली मुलं तिथवर पोचत नाहीत म्हणून, आणि त्यावर उपाय अकरावी-बारावीला तयारीसाठी मदत हा आहे.

नॅकच्या मूल्यांकनात याला गुण असतात का?

असतात. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था. विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती हा तिच्या आतापर्यंतच्या पद्धतीतला एक निकष आहे आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्यांची संख्या तिथे द्यावी लागते. मधेच सोडून गेलेल्यांची यादीही कॉलेजने स्वतःसाठी ठेवावी, असं मी आमच्याकडे सुचवलं आहे.

लहान कॉलेजने सरकारची वाट न बघता काय करावं?

शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत फीसाठी तगादा लावू नये आणि हॉल तिकीट अडवू नये. माजी विद्यार्थ्यांकडून लहानसा निधी जमवावा, ज्यातून बसपास, चष्मा, परीक्षा फी असे दोन-तीन हजारांचे खर्च दोन दिवसांत देता येतील. इतक्याशा रकमेवर अडून मुलं गेलेली मी पाहिली आहेत. मदत घेणाऱ्यांची नावं फलकावर लावू नयेत. आणि वेळापत्रक करताना शेवटची बस किती वाजता सुटते ते बघावं.

टेबलाकडे येताना काय आणायचं?

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. एखादा कागद नसला तरी या, कुठून काढायचा ते सांगू. आई-बाबांनी कामाची रजा टाकून यायची गरज नाही, मूल एकटं आलं तरी चालतं.